पहिले दर्शन आणि ट्रान्झिएंट : केंब्रिजमधील दोन आगमने

इलेक्ट्रिकलच्या विद्यार्थ्यांनी आरएलसी सर्किट सोडवलेले असते. इतर शाखांच्या मित्रांसाठी थोडक्यात सांगतो. स्विच टाकला की कपॅसिटरवरचे व्होल्टेज लगेच स्थिर होत नाही. ते काही काळ हेलकावे खाते, मग ठरलेल्या पातळीवर येते. या हेलकाव्यांना ट्रान्झिएंट म्हणतात. स्विच टाकण्यापूर्वी कपॅसिटरवर किती चार्ज होता यावर ते अवलंबून असतात, आणि उत्तरपत्रिकेत नेमके हेच राहून जाते. व्होल्टेज एकदा स्थिरावले की त्या जुन्या चार्जचा मागमूस उरत नाही.

प्रवासवर्णनातले पहिले दर्शन मी असेच वाचतो, आणि तुम्हीही वाचून पाहा. परक्या शहरात उतरलेल्या माणसाने पहिल्या दिवशी जे टिपलेले असते, त्यात शहर थोडे असते. त्याने घरून आणलेला चार्जच जास्त असतो.

मराठीत युरोपच्या प्रवासवर्णनांची परंपरा जुनी आहे. पंडिता रमाबाईंचा 'इंग्लंडचा प्रवास' १८८३चा. अनंत काणेकरांच्या 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' या नावातच प्रवासाची दिशा आणि लेखकाचा कल दोन्ही सांगून टाकलेले आहेत. तिथला चार्ज मुखपृष्ठावरच मोजता येतो. पु. ल. देशपांडे १९५८मध्ये पत्नी सुनीताबाईंसह विलायतेला गेले आणि 'अपूर्वाई' १९६०मध्ये पुस्तकरूपाने आले. बुजलेला मराठी माणूस आणि त्याची फजिती हे त्या पुस्तकाचे भांडवल. आपण सगळे त्यावर हसलो आहोत. पण ते हसू कशाच्या जोरावर उभे आहे, हे तपासायला हवे. सोबतीला आपले माणूस आहे, परतीचा दिवस ठरलेला आहे आणि घरी वाचक वाट पाहत आहेत. अडचणीचा विनोद होण्यासाठी या तीन गोष्टी लागतात.

आता केंब्रिजकडे वळू. मराठी घरांत हे नाव रँग्लर परांजप्यांमुळे रुजले. १८९९मध्ये सीनियर रँग्लर झालेले ते पहिले भारतीय. जयंत नारळीकर १९५७मध्ये तिथे पोहोचले तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. त्यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर केंब्रिजलाच शिकलेले आणि बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. म्हणजे हे शहर मुलाला घरातच भेटलेले होते. २०१४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले त्यांचे 'चार नगरांतले माझे विश्व' २०१२मध्ये प्रसिद्ध झाले. आगमन आणि पुस्तक यांच्यात पंचावन्न वर्षे गेली. स्थिर अवस्थेतून सुरुवातीचा चार्ज गणिताने परत काढता येत नाही, म्हणून या पुस्तकात भांबावलेला मुलगा शोधू नका. गद्य सरळ आणि बिनभावुक आहे. मला त्याचे शीर्षक फार आवडते. बनारस, केंब्रिज, मुंबई, पुणे अशी चार नगरे, आणि त्यांत केंब्रिजचा वाटा एक चतुर्थांश. युरोपातल्या शहराला चौरंगावर न बसवणारी अशी मांडणी आपल्या प्रवासवर्णनांत क्वचितच आढळते.

दुसरे आगमन मी जिथे हे टिपण लिहितो आहे त्या कुंभकोणमचे. इथल्या सारंगपाणी सन्निधी स्ट्रीटवर वाढलेले रामानुजन १७ मार्च १९१४ला मद्रासहून 'नेवासा' बोटीने निघाले आणि १४ एप्रिलला लंडनला उतरले. त्यांनी प्रवासवर्णन लिहिले नाही. इथल्या सरकारी कॉलेजात त्यांची शिष्यवृत्ती गेली ती गणितेतर विषयांत, विशेषतः इंग्रजीत, नापास झाल्यामुळे. गंमत अशी की त्याच कॉलेजला 'दक्षिणेचे केंब्रिज' म्हणतात. (केंब्रिजला उत्तरेचे कुंभकोणम कोणी म्हटल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. उपमा एकाच दिशेने वाहते.)

मग त्यांचे पहिले दर्शन कुठे वाचायचे? दुसऱ्यांच्या आठवणींत. प्रशांतचंद्र महालनोबिस तेव्हा केंब्रिजमध्ये शिकत होते. रामानुजन रात्री थंडीने कुडकुडतात, ओव्हरकोट घालून आणि शाल गुंडाळून झोपतात, हे त्यांना कळले. त्यांनी खोलीत जाऊन पाहिले, तर पलंगावर ब्लँकेटे भरपूर होती, पण गादीखाली घट्ट खोचलेली आणि वर चादर पसरलेली. ती उलगडून त्यांच्या आत शिरायचे असते, हे रामानुजनना कोणी सांगितलेच नव्हते. महालनोबिसांनी ते करून दाखवले.

हा प्रसंग बहुतेक ठिकाणी गमतीचा किस्सा म्हणून येतो. माझा आक्षेप त्या सांगण्याला आहे. 'अपूर्वाई'च्या नायकाची फजिती तो स्वतः सांगतो, म्हणून हसण्याचा हक्क आधी त्याचा असतो. इथे सांगणारा वेगळा आहे आणि ज्याला थंडी वाजली तो गप्प आहे. जमिनीवर चटई अंथरणाऱ्या घरातून आलेल्या माणसाला खोचलेला बिछाना ही एक बंद वस्तू वाटणे, हे त्या शहराचे अत्यंत अचूक निरीक्षण आहे. तिथल्या सोयी ज्याला आधीपासून माहीत आहेत त्याच्यासाठीच रचलेल्या असतात, हे चर्चचे शिखर आणि नदीवरचे पूल यांची वर्णने वाचून कळत नाही. पुढे मित्राला लिहिलेल्या पत्रात रामानुजन बिया काढलेली चिंच आणि चांगले खोबरेल तेल मागवतात. माझ्या मते या दोन जिनसा म्हणजे त्यांच्या प्रवासवर्णनाचे एक पानच.

स्वाध्याय म्हणून एवढे करा. तुमच्या भाषेतले युरोपचे कोणतेही प्रवासवर्णन घ्या आणि लेखक शहरात उतरतो ते पान काढा. त्यात इमारतींवर किती ओळी आहेत आणि झोपणे, जेवणे, आंघोळ यांवर किती, ते मोजा. लेखक तिथे किती दिवस राहणार होता आणि किती वर्षांनी लिहीत होता, याची नोंद शेजारी करा. मग हॉस्टेलवर पहिल्या वर्षाला आलेल्या परप्रांतीय मित्राला विचारा, पहिल्या रात्री त्याला काय उमगले नव्हते.