बालप्रेक्षकाचे एकवचन

बालनाट्याचे परीक्षण करताना संहिता, नेपथ्य व अभिनय यांचा परामर्श घेतला जातो; प्रेक्षागृहातील मूल काय बोलते, याकडे मात्र समीक्षक कान देत नाहीत. १९५९ साली सुधा करमरकर यांनी ‘लिटल थिएटर’ स्थापन केले, तेव्हापासून मराठीत बालरंगभूमी सातत्याने नांदत असूनही ही उपेक्षा टिकून आहे.

रत्नाकर मतकरी यांच्या ‘अलबत्या गलबत्या’चे उदाहरण घेऊ. त्यातील चेटकीण पूर्वी दिलीप प्रभावळकर यांनी आणि २०१८ च्या नव्या प्रयोगांत वैभव मांगले यांनी रंगविली. अशा प्रयोगात संकटातील पात्रास उद्देशून मुले ‘मागे बघ!’ असे ओरडतात. हे क्रियारूप एकवचनी आहे. घरी आलेल्या अपरिचित गृहस्थास ‘अहो काका’ म्हणणारे मूल रंगमंचावरील राजालाही ‘अरे’ म्हणते. आणि प्रयोगानंतर तोच नट समोर आला, की पुन्हा ‘तुम्ही’वर येते. ‘एक होता राजा’ या कहाणीच्या व्याकरणात राजा एकवचनीच असतो, आणि ते व्याकरण मूल नाट्यगृहात सोबत आणते. तेव्हा मूल नाटकाला खरे समजून फसते, हा समज टिकत नाही; खरे काय व खेळ कोणता, हा भेद त्याच्या सर्वनामांतच नोंदलेला असतो.

म्हणूनच ‘गप्प बैस’ असे दटावणारे पालक त्याचा संवादातील वाटा काढून घेतात. याहून हानिकारक म्हणजे कानात कुजबुजून केलेले भाषांतर. इंग्रजी माध्यमातील मुलास ‘निबिड’ वा ‘कपटी’ हे शब्द अडतील, या धास्तीने आई प्रत्येक वाक्य सोपे करून सांगते. नटाच्या आवाजाने व हालचालीने अर्थ उलगडण्याची संधी त्यामुळे हुकते. असे शब्द त्याच्या कानी पडण्याची स्थळे आधीच थोडी आहेत.

दोष केवळ पालकांचा नव्हे. अलीकडील कित्येक बालनाट्यांत मागील रांगेतील वडिलांसाठी दूरचित्रवाणीवरील विनोद पेरलेले असतात. मोठे हसतात, मुले त्यांच्या तोंडाकडे पाहतात. ध्वनिक्षेपकाचा कर्कशपणा तर मुलांना उत्तर देण्यास उसंतच ठेवीत नाही.

प्रौढांच्या तीन अंकी नाटकास तीनचार वर्षांच्या मुलास नेणे मात्र मला अनुचित वाटते. इतर प्रेक्षकांचा रसभंग हे त्याचे दुय्यम कारण होय. तेथे त्या मुलाशी कोणी बोलतच नाही.