तिकिटावरील दोष : छापखान्याचा कीं काळाचा ?

धुळें, जळगांव, अंमळनेर, एरंडोल इकडील जुन्या घरांतून दप्तराचे रुमाल सोडतांना व्हिक्टोरिया राणीच्या अमदानींतील टपाल-तिकिटें वारंवार हातीं लागतात. एखाद्याचा रंग निराळा दिसला, एखाद्यावर पांढरा पट्टा आढळला, कीं ‘ही सरकारी छापखान्याची चूक, हिला मोल फार’ अशी समजूत होते, आणि लगोलग तें तिकीट पाण्यांत भिजवून पत्रावरून सोडविलें जातें. ह्या समजुतीचें परीक्षण करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु होय. आमच्या मतें ती बहुधा चुकीची असते. आणि क्वचित् खरी असली, तरी तसें सिद्ध करण्याचें साधन धनी स्वतःच्याच हातानें नष्ट करितो.

चूक कशास म्हणावें, हें प्रथम ठरविलें पाहिजे. १ ऑक्टोबर १८५४ पासून सर्व हिंदुस्थानाकरितां एकाच प्रकारचीं तिकिटें सुरू झालीं. त्यांपैकीं चार आण्यांचें तिकीट कलकत्त्यास कॅप्टन थ्युलिअर यांच्या देखरेखीखालीं शिळाछापावर दोन रंगांत निघालें. तांबडी चौकट एकदां व निळें मस्तक एकदां, असा ताव दोनदां छापावा लागे. एका वेळीं ताव उलटा घातला गेला, आणि राणीचें मस्तक चौकटींत खालीं डोकें वर मान असें उमटलें. ही निर्विवाद चूक होय. कारण मागाहून घडलेल्या कोणत्याही अपघातानें असें होणें शक्य नाहीं. त्या काळच्या तिकिटांस कांठाचीं छिद्रें नसत, तीं कात्रीनें कापीत. त्यामुळें उलट्या मस्तकाच्या उपलब्ध नगांपैकीं बरेच नग अष्टकोनी कातरलेले आहेत. एकाच कागदावर चूक छापखान्याची आणि नुकसान कात्रीचें ! दोन्ही शेजारीं असतां त्यांचा घोटाळा कोणी करीत नाहीं. एकटें नुकसान दिसलें म्हणजे मात्र होतो.

येथें एक आक्षेप संभवतो. ठसा झिजला वा त्यास ओरखडा पडला, तर तेंही नुकसानच नव्हे काय ? होय, परंतु तें ठशाचें नुकसान, तिकिटाचें नव्हे. ठशावरील ओरखडा त्या जागेच्या प्रत्येक तिकिटावर, तावामागून ताव, तसाच उमटत राहतो. म्हणून अशा दोषाचा दावा करणारानें त्याच जागेचा दुसरा नग दाखविला पाहिजे. एकच नग पुढें करून ठशाचा दोष सिद्ध होत नाहीं.

जे दोष एकदांच घडतात, त्यांची परीक्षा अधिक बारकाईनें करावी लागते. उदाहरणार्थ, अर्ध्या आण्याच्या तिकिटावर आडवा पांढरा पट्टा आहे. छापतांना कागदास चुणी पडली असेल, तर ती उलगडल्यावर तिकीट आपल्या सोबत्यांहून त्या पट्ट्याएवढें लांब भरेल, आणि पट्ट्याचे तंतु शाबूत असतील. रंग खरवडला असेल, तर माप तेंच राहील, भिंगाखालीं तंतु उठलेले दिसतील, व उजेडासमोर कागद तेथें विरळ भासेल. रद्दशिक्क्याची काळी शाई पट्ट्यावरून अखंड गेली असेल, तर पट्टा शिक्क्यापूर्वींचा; तेवढ्यावरून तो छापखान्यांतलाच, असें मात्र ठरत नाहीं.

रंगाविषयीं तर विशेष सावध असावें. शिक्का धुऊन तिकीट पुन्हां वापरतां येऊं नये, म्हणून पाण्यानें ढळणारी शाई कांहीं तिकिटांस मुद्दाम वापरीत. अशा शाईचा हिरवा रंग भिजल्यानें पिंवळट वा निळसर होतो. नारिंगी व शेंदरी रंग हवेंतील गंधकाच्या संयोगानें काळवंडतात. तेव्हां ‘वेगळा रंग’ हा बहुधा छापणाराचा नसून पाण्याचा, उन्हाचा वा पेटीचा असतो. तिकीट लंडनच्या डी ला रू कंपनीचें असो, कीं १९२६ पासून नाशिकच्या सरकारी मुद्रणालयांत छापलेल्यांपैकीं असो, न्याय एकच.

सारांश, दोष कसा दिसतो ह्यापेक्षां तो केव्हां झाला हा प्रश्न महत्त्वाचा. आणि ‘केव्हां’ ह्याचे साक्षी म्हणजे सोबतचे नग, शिक्का व खुद्द पत्र. जुन्या कागदांच्या अभ्यासकांस हें नवें नाहीं. वाळवीनें खाल्लेलें अक्षर आणि लेखकाच्या हातून गळलेलें अक्षर हीं दोन्ही आज सारखींच अनुपस्थित. तथापि पहिल्याचा अर्थ शोधावयाचा असतो, व दुसऱ्याचा दोष लेखकाकडे लावावयाचा असतो. अस्सल कागदावांचून इतिहास नाहीं, असा आग्रह वि. का. राजवाडे यांनीं जन्मभर धरिला. १९२७ सालीं त्यांच्या नांवें ज्या धुळ्यांत संशोधन मंडळ स्थापन झालें, त्या गांवीं तरी पत्रावरचें तिकीट हा त्या पत्राचाच अवयव मानला जावा.

कारण हानि केवळ संग्राहकाची नाहीं. पाठविल्याचा व पोंचल्याचा असे दोन्ही शिक्के शाबूत असले, म्हणजे १९०० सालीं चाळीसगांव-धुळें लोहमार्ग सुरू होण्यापूर्वीं व नंतर जळगांवचें पत्र धुळ्यास किती दिवसांनीं पोंचे, हें त्या पत्रांवरूनच मोजतां येतें. तिकीट सोडविलें कीं अर्धा शिक्का त्याबरोबर जातो, पाण्यानें मोडी मजकुराची शाई फुटते, आणि मितीही वाचेनाशी होते. मग हातीं उरतें तें एक डागाळलेलें तिकीट. त्यास चूक म्हणावयास आधार नसतो. मात्र नुकसान झाल्याचा पुरावा तेवढा भरपूर असतो, आणि तें करणारे आपणच असतों.