शहागडची वाळू आणि परवान्याची भाषा : एक चिकित्सा

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील शहागड हे गोदावरीच्या उत्तर तीरावरील गाव. सोलापूर-धुळे महामार्ग येथे नदी ओलांडतो आणि पलीकडे बीड जिल्ह्याचा गेवराई तालुका लागतो. या पट्ट्यातील वाळू उपशाची चर्चा बहुधा 'चोरी' या एकाच अंगाने होते. प्रस्तुत लेखाचा प्रश्न वेगळा आहे : जो उपसा रीतसर परवान्याने होतो, त्याचा आधार तरी भक्कम आहे काय?

२००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेने खाणकामास पूर्वपरवानगी आवश्यक केली. परंतु पाच हेक्टरांखालील पट्टे तीतून सुटत होते. मोठ्या घाटाचे लहान तुकडे पाडण्याची वाट त्यामुळे मोकळी राहिली. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती बंद केली. पुढे २०१६ मध्ये जिल्हा सर्वेक्षण अहवालाची अट आली. या साऱ्या रचनेचे गृहीतक एकच आहे : पावसाळ्यात नदी जेवढी वाळू आणते, तेवढीच काढावी.

शहागडला हे गृहीतकच तपासावे लागते. वरच्या अंगाला पैठणचे जायकवाडी धरण आहे. १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाच्या जलाशयात वरून येणारा बहुतांश गाळ व वाळू अडते. त्याखाली आपेगाव व हिरडपुरी येथे उच्च पातळी बंधारे आहेत. म्हणजे शहागडच्या पात्रातील वाळू ही मुख्यतः पूर्वजांची ठेव होय. तिच्यावर दरवर्षी व्याज जमा होते असे मानून मुद्दल काढणे हा हिशेबाचा दोष आहे. वाळूच्या थरात पाणी साठते, ते काठच्या विहिरींना पुरते. थर खरवडला की विहिरीही खोल जातात. हा खर्च परवान्याच्या कोणत्याही रकान्यात येत नाही.

दुसरा दोष सीमेचा. सर्वेक्षण जिल्हानिहाय होते. नदी मात्र दोन जिल्ह्यांच्या मधून वाहते. एकाच पात्राचे दोन हिशेब दोन कार्यालयांत मांडले जातात. ते एकत्र ताडून पाहिल्याखेरीज पात्रातील एकूण उपशाची मर्यादा ठरू शकत नाही.

राज्याची धोरणे या प्रश्नाभोवतीच फिरत राहिली. एप्रिल २०२३ च्या धोरणाने शासकीय आगारातून सहाशे रुपये ब्रास दराने वाळू देऊ केली. २०२५ च्या धोरणाने पुन्हा लिलावाकडे वळून कृत्रिम वाळूस प्रोत्साहन दिले. ग्राहकाला स्वस्त वाळू व घरकुलास मोफत वाळू हे हेतू रास्तच आहेत. लिलाव बंद ठेवल्यास चोरीला बळ मिळते, हा आक्षेपही खरा आहे. तथापि दर व विक्रीची पद्धत बदलल्याने नदीतील साठा बदलत नाही. या दृष्टीने कृत्रिम वाळूची तरतूद हाच नव्या धोरणाचा अधिक टिकाऊ भाग म्हणावा लागेल.

अनुपालनाची स्थितीही अशीच. परवानाधारकाने दर सहा महिन्यांनी, १ जून व १ डिसेंबर रोजी, अटींच्या पालनाचा अहवाल द्यावयाचा असतो. ज्याने उपसा करावयाचा, त्यानेच आपल्या संयमाची ग्वाही द्यावयाची! जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ मधील पाचपट दंड विनापरवाना उपशासाठी आहे. चुकीच्या अंदाजावर दिलेल्या परवान्यावर त्याचा उपाय चालत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, पुनर्भरणाच्या अभ्यासाविना केलेला सर्वेक्षण अहवाल ग्राह्य धरता येणार नाही, असे स्पष्ट केले. शहागडपुरता त्याचा अर्थ सरळ आहे. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर पात्राची उंची मोजावी. दोन्ही जिल्ह्यांचा अहवाल एक असावा. तो ग्रामसभेत वाचला जावा. आणि भर शून्य आढळल्यास परवानाही शून्य असावा. कायद्याचे शब्द पुरेसे आहेत. उणीव आहे ती नदीत उतरून मोजमाप करण्याची.