निळ्या विजारीचे रसग्रहण

दिवाळीच्या खरेदीला निघताना समीक्षकाने आपला चष्मा घरी ठेवून जावे, हे उत्तम. मी तसे केले नाही. म्हणून या अंकात एखाद्या कादंबरीऐवजी एका विजारीचे परीक्षण वाचण्याची पाळी आपल्यावर आली आहे.

त्याचे असे झाले. कॉलेजात जाणारी माझी पुतणी म्हणाली, "काका, यंदा मला जीन्स हवी. पण पाण्याचं वाटोळं करून किंवा कुणाला पिळून काढून केलेली नको." अट रास्त होती. आम्ही दादरच्या एका दुकानात गेलो. विक्रेत्याने लगेच एक विजार पुढे केली आणि म्हणाला, "ही इको-फ्रेंडली आहे." मी विचारले, "म्हणजे काय?" तो क्षणभर गोंधळला आणि म्हणाला, "म्हणजे आठशे रुपये जास्त."

त्या विजारीला सुतळीने एक चिठ्ठी बांधली होती. कागद तपकिरी आणि मुद्दाम खडबडीत, कोपऱ्यात हिरवे पान. मजकूर म्हणावा तर दहा-बारा ओळींचा. त्यात पृथ्वीविषयी प्रेम होते, उद्याच्या पिढ्यांविषयी कळकळ होती आणि पाणी वाचवले गेल्याची ग्वाही होती. वाक्यरचना तेवढी पाहावी. पाणी 'वाचवले गेले आहे'. कोणी वाचवले? किती? कशाच्या मानाने? कर्मणी प्रयोगाचा हा मोठाच फायदा आहे, की त्यात कर्त्याला लपून बसता येते. विशेषणांची रेलचेल, पण नाव एकही नाही आणि आकडा एकही नाही. नवकवीने असे लिहिले असते तर आपण त्याला सोडले नसते!

आत कमरेपाशी शिवलेली पांढरी पट्टी मात्र रुक्ष गद्यात बोलत होती. ९८ टक्के कापूस, २ टक्के इलॅस्टेन. बाहेरच्या काव्यापेक्षा हे गद्य मला अधिक विश्वासाचे वाटले. तो दोन टक्के ताणला जाणारा धागा कापसात मिसळला, की जुन्या विजारीचा पुन्हा धागा काढणे अवघड होऊन बसते. बाहेरची चिठ्ठी ज्याविषयी गप्प होती, ते आतली पट्टी सांगून गेली.

वाङ्मयात आपण जशी आशयाची चौकशी करतो, तशी ती विजारीच्या बाबतीतही केली पाहिजे. या वस्त्राचे कूळ श्रमिकाचे आहे. डेनिम हे नाव फ्रान्समधल्या नीम या गावावरून आले, जीन्स हे इटलीतल्या जिनोआवरून. आणि याच घराण्यातला इंग्रजीतला 'डंगरी' हा शब्द तर आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून गेला. खलाशी, हमाल यांचे ते जाडेभरडे कापड. १८७३ साली अमेरिकेत लेव्ही स्ट्राउस आणि जेकब डेव्हिस यांनी खिशांच्या कोपऱ्यांना तांब्याच्या रिव्हेटा ठोकण्याचे पेटंट घेतले, तेही मजुरांचे खिसे फाटू नयेत म्हणून. या कापडात उभा धागा निळा आणि आडवा पांढरा असतो. निळीचा रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत जात नाही, वरवर बसतो. म्हणून जिथे अंग घासते तिथे तो विरतो, आणि विजार वापरणाऱ्याचे आयुष्य तिच्यावर हळूहळू उमटत जाते. गुडघा कुणाचा विरेल, खिसा कुणाचा, हे ज्याच्या त्याच्या कामावर. याला मी त्या वस्त्राची खरी अनुभूती म्हणेन.

आता दुकानात पाहावे तर नवी कोरी विजार आधीच विटलेली, मांडीवर पांढरी पडलेली, गुडघ्यावर फाटलेली. न जगलेले आयुष्य विकत मिळते! साहित्यात आपण याला उसनी अनुभूती म्हणतो आणि नाक मुरडून पुढे जातो. पण इथे तेवढ्यावर भागत नाही, कारण ही उसनी अनुभूती कुणाच्या तरी छातीतून आलेली असते. कापड विटवण्यासाठी त्याच्यावर जोराने वाळूचा झोत मारीत. त्या धुळीने तुर्कस्तानातल्या कारखान्यांतल्या तरुण कामगारांना सिलिकोसिस झाला. फुफ्फुसे दगडासारखी होत जाणारा हा रोग खाणकामगारांना वर्षानुवर्षांनी व्हायचा, तो या पोरांना थोड्या काळात झाला. त्यांतले कित्येक दगावले. २००९ साली तुर्कस्तानने ही पद्धत बंद केली आणि पुढे मोठमोठ्या कंपन्यांनीही ती सोडल्याचे जाहीर केले. आता लेसर आहे, ओझोन आहे. पण पोटॅशियम परमँगनेटचा फवाराही आहे, आणि तोही श्वासाला चांगला नाही. तेव्हा खरेदीचा पहिला नियम मी समीक्षेतूनच उचलला: खोटा जुनेपणा नको.

पाण्याचा हिशेबही असाच पाहावा. लेव्हीज कंपनीने २०१५ साली आपल्या एका विजारीचा जन्मापासून अखेरपर्यंतचा हिशेब प्रसिद्ध केला, तो सुमारे ३,७८१ लिटरचा. त्यातले ६८ टक्के पाणी कापूस पिकवण्यात जाते आणि २३ टक्के आपण घरी ती धुण्यात घालवतो. कारखान्याच्या वाट्याला उरते ते थोडे. म्हणजे धुलाईत पाणी वाचवल्याची फुशारकी मारणारी चिठ्ठी खोटी नसेल, पण ती प्रस्तावनेचे परीक्षण करून ग्रंथाविषयी मौन पाळते. अर्थात थोडे पाणी म्हणजे निरुपद्रवी पाणी नव्हे. उल्हासनगरच्या जीन्स धुण्याच्या कारखान्यांचे रंगीत पाणी वालधुनी नदीत जाई, आणि त्यापायी तिथले पुष्कळ कारखाने बंद करण्याची वेळ आली. आणि कापसाचे म्हणाल, तर २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर गेले. त्यांची नावे कोणत्या चिठ्ठीवर येणार?

'नैसर्गिक' या शब्दानेही भुलून जाऊ नये. आजच्या जवळजवळ सगळ्या जीन्स कृत्रिम निळीत रंगतात. जर्मनीतल्या बीएएसएफ कंपनीने ती १८९७ साली बाजारात आणली. त्याआधीची नीळ अस्सल झाडाची होती. पण त्याच नैसर्गिक निळीसाठी १८५९-६० साली बंगालचा रयत मळेवाल्यांविरुद्ध उठला आणि १९१७ साली गांधीजींना चंपारण्यात जावे लागले. रंग निसर्गाचा असला, म्हणून तो न्यायाचाही असतो असे नाही.

मग ग्राहकाने भरवसा ठेवावा कशावर? प्रमाणपत्रांवर ठेवावा, पण प्रत्येक समीक्षकाचे जसे एक क्षेत्र असते, तसे प्रत्येक शिक्क्याचे असते, हे ध्यानात ठेवून. ओइको-टेक्स स्टँडर्ड १०० हा शिक्का तयार कापडात अपायकारक रसायने आहेत का, ते पाहतो. तो नेसणाऱ्याची काळजी घेतो, शिवणाऱ्याची नव्हे. फेअरट्रेड कापसाचा शिक्का शेतकऱ्याच्या दराविषयी बोलतो, शिलाईच्या मजुरीविषयी नाही. ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाईल स्टँडर्डचा शिक्का निदान ७० टक्के सेंद्रिय धागा मागतो, रंगाई आणि कामगारांच्या अटीही पाहतो. त्यावर परवान्याचा क्रमांक असतो आणि तो कुणालाही पडताळता येतो. तरीही २०२० साली याच संस्थेने जाहीर केले, की भारतातल्या २०,००० टन कापसाच्या सेंद्रियतेचे कागद बनावट निघाले. यावरून शिक्केच निरर्थक ठरवू नयेत. आपल्याच घरातली चोरी जो उघड करतो, त्याच्यावर थोडा अधिक विश्वास ठेवायला हरकत नाही. आपल्याकडेही ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक सूचना काढल्या आणि 'पर्यावरणस्नेही' यांसारखे मोघम शब्द पुराव्यावाचून वापरण्यास मनाई केली. सरकारने विशेषणांवर घातलेले हे बंधन मला तरी, एक जुना शिक्षक म्हणून, फार आवडले.

किंमत ही कसोटी म्हणावी, तर तीही पुरत नाही. बांगलादेशात ढाक्याजवळ राना प्लाझा ही इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली आणि शिवणकाम करणारी अकराशेहून अधिक माणसे मेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले सर्वांनी पाहिले होते. तरी कामगारांना आत बोलावले गेले. तिथे कोणाकोणाचे कपडे शिवले जात होते, हे सिद्ध करायला कार्यकर्त्यांना ढिगाऱ्यातून कपड्यांच्या चिठ्ठ्या वेचाव्या लागल्या. चिठ्ठ्यांचे सारे वाङ्मय तपासताना मला पुन्हा पुन्हा ती गोष्ट आठवते. चिठ्ठीने दुकानात जे सांगायला हवे होते, ते तिने तिथे सांगितले. त्यानंतर झालेल्या करारामुळे कारखान्यांची तपासणी होऊ लागली आणि तिचे अहवाल लोकांना वाचता येऊ लागले. म्हणजे विचारणारे असले, की चिठ्ठीचीही भाषा सुधारते.

आता शेवटची गोष्ट. तिसऱ्या दुकानात आम्हाला एक साधी विजार मिळाली. गडद निळी, कडक, न विटवलेली, निव्वळ कापसाची. चिठ्ठी चारच ओळींची. कापड कोणत्या गिरणीचे आणि शिलाई कोणत्या कारखान्यातली, ते गावासकट लिहिले होते. शिक्क्याखाली क्रमांक होता. रंग कृत्रिम निळीचा आहे, हेही कबूल केले होते. जी चिठ्ठी आपले उणे सांगते, तिचे अधिकही खरे मानावेसे वाटते. किंमत मात्र अधिक होती. पुतणीने हिशेब केला आणि दुसरा ड्रेस रद्द करून टाकला. "ही पाच वर्षं वापरीन. धुवायची कमी, तीही गार पाण्यात," ती म्हणाली. तिच्या आजीने घरी कापडाचा पोत चाचपून पाहिला आणि निर्णय दिला, की गोधडीला पुढे उत्तम होईल. आमच्या घरात कापडाला याहून मोठे प्रशस्तिपत्र नाही.

एक उणीव राहिलीच. शिवणाऱ्या बाईला दिवसाची मजुरी किती मिळाली, हे त्या चार ओळींत कुठेच नव्हते. बिल करताना विक्रेता चिठ्ठी कापून टाकू लागला, तेव्हा पुतणीने त्याचा हात थांबवला. "राहू द्या ती," ती म्हणाली, "त्यावर पत्ता आहे. मला त्यांना पत्र लिहायचंय." वसुबारसेला पत्र टपालात पडले आहे. उत्तराची वाट पाहत आहोत.