निवांत शेतीच्या खेळात घाई का होते?

शेतीचे व्हिडिओ गेम खेळणाऱ्या कुणालाही विचारा, "का खेळतोस?" उत्तर ठरलेलं असतं: डोकं शांत होतं. मग तोच माणूस 'स्टारड्यू व्हॅली' खेळत असताना त्याच्या शेजारी जाऊन बसा. सकाळी सहाला उठायचं, रोपांना पाणी घालायचं, कोंबड्यांना गोंजारायचं, पाच वाजता दुकान बंद व्हायच्या आत बियाणं आणायचं, मग खाणीत उतरायचं, आणि रात्री दोनच्या आत धावतपळत अंथरूण गाठायचं. हे सगळं तुमच्या-माझ्या घड्याळातल्या चौदा मिनिटांत. आता सांगा, यात निवांत काय आहे?

खेळणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एका वाक्यात येते: दिवस फार लवकर संपतो. उपायही एका वाक्यातला: दिवस मोठा करा. स्टारड्यूमध्ये वेळ हळू करणारे मॉड आहेत. 'माय टाइम ॲट पोर्शिया'सारख्या खेळात तर वेळेचा वेग सेटिंगमध्येच बदलता येतो. माझं म्हणणं असं, की तक्रार शंभर टक्के खरी आहे, पण निदान अर्धवट आहे. या खेळांमध्ये एकाच वेळी दोन-तीन घड्याळं चालू असतात आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. घाई त्या फटीतून येते.

आधी थोडी कणीक मळू

हे समजायला माझ्या विषयातली एक कल्पना उपयोगी पडेल. मी पीएचडी करतेय ती मऊ पदार्थांच्या भौतिकशास्त्रात. म्हणजे जेल, पेस्ट, पीठ, चिखल असले पदार्थ: धड घन नाहीत, धड द्रव नाहीत. आमच्याकडे एक राशी सतत लागते, तिचं नाव शिथिलन काल.

कणीक मळल्या मळल्या लगेच पोळी लाटायला घेतली तर काय होतं? लाटावी तेवढी आक्रसते. तीच कणीक अर्धा तास झाकून ठेवली की निमूट लाटली जाते. मळताना आत साठलेला ताण निवायला काही वेळ लागतो. तो वेळ म्हणजे शिथिलन काल. इंग्रजीत याला रिलॅक्सेशन टाइम म्हणतात आणि आपण ज्यांच्याबद्दल बोलतोय त्यांना रिलॅक्सिंग गेम. शब्द एकच आहे, आणि मला वाटतं तो योगायोग कामाला लावण्यासारखा आहे.

१९६४ साली मार्कस रायनर या शास्त्रज्ञाने एक साधं गुणोत्तर मांडलं. पदार्थाला सैलावायला लागणारा वेळ, भागिले तुम्ही त्याला दिलेला वेळ. याला डेबोरा अंक म्हणतात. बायबलमधल्या डेबोराच्या गीतात पर्वत वाहतात असा उल्लेख आहे, त्यावरून हे नाव. अंक मोठा असेल तर पदार्थ घनासारखा वागतो, लहान असेल तर वाहतो. डांबरासारख्या पिचवर हातोडा मारा, काचेसारखे तुकडे होतील. तेच पिच नरसाळ्यात ठेवून वाट बघा, ते ठिबकतं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात १९२७ पासून हा प्रयोग चालू आहे आणि तिथे एक थेंब पडायला आठ-दहा वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात.

यातून घ्यायचं ते इतकंच: "हा पदार्थ मऊ आहे का?" या प्रश्नाला एकट्याने उत्तर नाही. "किती वेळ दिलात?" हे आधी सांगावं लागतं. तसंच "हा खेळ निवांत आहे का?" यालाही एकट्याने उत्तर नाही. कामाला लागणारा वेळ आणि खेळाने दिलेला वेळ, यांचं गुणोत्तर बघावं लागतं.

एका शेतात तीन घड्याळं

स्टारड्यू व्हॅली २०१६ साली आला. एरिक बरोन या एकट्या माणसाने तो बनवला. त्यात खेळातली दहा मिनिटं म्हणजे आपले सुमारे सात सेकंद. सकाळी सहा ते रात्री दोन म्हणजे वीस तास, म्हणजे १२० वेळा सात सेकंद, म्हणजे चौदा मिनिटं. थोडक्यात, खेळातला सूर्य आपल्या सूर्याच्या ८५ पट वेगाने धावतो.

पिकाचं घड्याळ त्याहून वेगवान. खेळातलं सुरुवातीचं पीक म्हणजे पार्सनिप, गाजराच्या कुळातलं एक पांढरट मूळ. खऱ्या शेतात ते तयार व्हायला साधारण चार महिने लागतात. खेळात चार दिवस, म्हणजे आपली जास्तीत जास्त ५६ मिनिटं. हिशेब केला तर हे घड्याळ जवळपास तीन हजार पट वेगाने चालतं.

आणि तिसरं घड्याळ तुमच्या हातापायांचं. इथे मात्र काहीच वेगवान केलेलं नाही. तुमचं पात्र पडद्यावर चालतं ते तुम्हाला चालल्यासारखं वाटेल अशाच वेगाने, आणि झारीने पाणी घालतं एकेका चौकटीत. त्यामुळे अर्धा मिनिट चाललात की खेळात पाऊण तास गेलेला असतो. घरापासून दुकानापर्यंत जाऊन येईतो सकाळ संपते. सूर्य ८५ पट, पीक तीन हजार पट, आणि शेतकरी एक पट!

खऱ्या शेतीत कामाइतकीच किंवा कामाहून जास्त वाट बघावी लागते. पावसाची वाट, उगवणीची वाट, दाणा भरण्याची वाट. मराठीत त्या वाट बघण्यासाठी वाफशासारखा शब्द आहे: पाऊस झाल्यावर जमीन ना चिखल ना कोरडी, नेमकी पेरण्याजोगी होते ती स्थिती. वाफसा येईपर्यंत थांबायचं असतं, घाई करून चालत नाही. स्टारड्यूने शेतीतली ही सगळी वाट कापून टाकली आणि कामं मात्र जवळपास पूर्ण लांबीची ठेवली. वाट काढून टाकलेली शेती म्हणजे कामांची यादी. ती कितीही गोड संगीतावर पुरी केली तरी यादीच राहते.

मग दिवस मोठा केला तर? समजा, मॉड टाकून सूर्य निम्म्या वेगाने चालवला. आता दिवस २८ मिनिटांचा झाला. एका दिवसात दुप्पट कामं होतात हे खरं. पण ऋतू अजून २८ दिवसांचाच आहे आणि पीक अजून चार दिवसांतच येतं. म्हणजे एका ऋतूत तुम्ही दुप्पट खाण खणाल, दुप्पट मासे धराल, जास्त पैसे मिळवाल, मग जास्त जमीन नांगराल. आणि जास्त जमीन म्हणजे सकाळी पाणी घालायला जास्त वेळ. गुणोत्तराचा छेद दुप्पट केला तर खेळणारा हळूहळू अंशही वाढवत नेतो. सुरुवातीला आराम पडतो, पण यादी पुन्हा दिवसभर पसरते. ज्याने कधी अंतिम मुदत वाढवून घेतली आहे त्याला हे वेगळं सांगायला नको.

संध्याकाळ कोणाची?

स्टारड्यू ज्या खेळाच्या परंपरेतला आहे तो 'हार्वेस्ट मून' जपानमध्ये १९९६ साली आला. त्याचे कर्ते यासुहिरो वादा ग्रामीण भागात वाढले, मग टोकियोत आले, आणि मागे राहिलेलं ते जगणं त्यांना खेळात आणायचं होतं. त्या पहिल्या खेळात एक गंमत आहे. संध्याकाळी सहाला घड्याळ थांबतं. अक्षरशः थांबतं. दुकानं बंद, पण तुमची रात्र तुम्ही झोपेपर्यंत संपत नाही. घरात शिरलात तरी घड्याळ थांबतं. सहानंतर शेतात राबायचं असेल तर राबा, तुम्हाला अडवतो तो फक्त तुमच्या पात्राचा थकवा. म्हणजे दिवसाला मर्यादा आहे ती सूर्याची, आणि संध्याकाळी शरीराची. दोन्ही एकाच वेळी मानगुटीवर बसत नाहीत.

वीस वर्षांनी आलेल्या स्टारड्यूमध्ये घड्याळ थांबत नाही. एकटे खेळत असाल तर मेनू उघडल्यावर थांबतं, पण मित्रांबरोबर खेळताना तेही नाही. दोनपर्यंत झोपला नाहीत तर जागच्या जागी कोसळता आणि खिशातले काही पैसे जातात. शिवाय थकवाही आहेच.

मग या खेळात निवांतपणा येतो कुठून? दोन ठिकाणांहून. एक, पाऊस. पाऊस पडला की त्या दिवशी पाणी घालावं लागत नाही आणि अख्खी सकाळ मोकळी मिळते. माझ्या मते स्टारड्यूमधली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच आहे, आणि ती घाईशिवाय सुंदर वाटली नसती. दुसरं, तुषार सिंचन. साधा स्प्रिंकलर चार चौकटींना पाणी देतो, त्याच्या वरचा आठ, सगळ्यात भारी चोवीस. ते बसवत गेलात की हाताचं काम कमी होतं, गुणोत्तर उतरतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हा खेळ खरोखर निवांत होतो.

पण नीट बघा, याचा अर्थ काय होतो. तुमचा आराम तुम्ही विकत घेतलात. आधी पहिला वसंत ऋतू राबलात, खाणीतून धातू आणला, तो वितळवला, तेव्हा कुठे सकाळ रिकामी झाली. स्टारड्यूची गोष्ट सुरू होते ती एका कंपनीच्या कार्यालयात पिचलेल्या माणसापासून. तो नोकरी सोडून आजोबांच्या शेतावर येतो. आणि खेळ त्याला शिकवतो काय? आधी उत्पादन वाढव, मग विश्रांती. हे तर कार्यालयाचंच तत्त्वज्ञान झालं! १९९६ चा खेळ पहिल्या दिवशीची संध्याकाळ फुकट देतो. २०१६ चा ती कमवायला लावतो. माझा आक्षेप आहे तो इथे.

मग खऱ्या वेळेत खेळावं का?

काही जण म्हणतील, सरळ 'ॲनिमल क्रॉसिंग' खेळा. त्यात शेती थोडी कमी, पण सगळी घड्याळं एक पट. बाहेर रात्र तर खेळातही रात्र. वाट बघणं परत आलं, हे नक्कीच चांगलं. पण आता खेळाचं घड्याळ तुमच्या आयुष्याच्या घड्याळाला भिडतं. २०२० च्या 'न्यू होरायझन्स'मध्ये मुख्य दुकान सकाळी आठ ते रात्री दहा उघडं असतं. प्रयोगशाळेतून किंवा दुसऱ्या पाळीवरून रात्री अकराला घरी येणाऱ्याला तिथेही कुलूपच दिसणार. काही दिवस फिरकला नाहीत तर तण माजतं, घरात झुरळं होतात आणि शेजारी विचारतात, होतात कुठे? मरत काही नाही, पण हजेरी लागते.

त्याच एक पट घड्याळाचा सगळ्यात निर्दय वापर फार्मव्हिलने केला. २००९ साली फेसबुकवर आलेल्या या खेळात स्ट्रॉबेरी चार तासांत तयार व्हायची आणि वेळेत काढली नाही तर वाळून जायची. म्हणजे पेरताना तुम्ही तुमच्याच पुढच्या चार तासांवर खिळा ठोकत होतात. पुढे २०१२ मध्ये आलेल्या 'हे डे'ने वाळणं काढून टाकलं, पण वाट बघायची नसेल तर हिरे खर्च करायची सोय ठेवली, आणि हिरे पैशाने मिळतात. वाट बघणं हीच विक्रीची वस्तू झाली.

तेव्हा वेगवान घड्याळ वाईट आणि संथ चांगलं, असा सरळ निकाल लागत नाही. मी आता कुठल्याही शेतीच्या खेळाला तीन प्रश्न विचारते. आजची कामं आजच्या दिवसात बसतात का? बसली नाहीत तर नेमकं काय जातं: पैसे, पीक, की फक्त मान? आणि मध्येच उठता येतं का?

हा तिसरा प्रश्न आपण विसरतो. स्टारड्यूच्या कॉम्प्युटरवरच्या आवृत्तीत खेळ जतन होतो तो रात्री झोपल्यावरच. मध्येच उठलात तर तो दिवस गेला. म्हणून आपण दिवस संपवतो. संपवला की लगेच नवी सकाळ उजाडते, काल पेरलेलं उगवलेलं दिसतं, आणि आपण म्हणतो, अजून एक दिवस. एक पूर्ण वर्ष म्हणजे ११२ दिवस, सुमारे २६ तास. ते असे चौदा-चौदा मिनिटांच्या हप्त्यांत कधी गेले कळत नाही.

हे खेळ वाईट आहेत असं मला म्हणायचं नाही. स्टारड्यू मला मनापासून आवडतो. आजोबांचं मूल्यमापन तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला होतं, पण ते पुन्हा करून घेता येतं. हरण्याचा पडदा या खेळात नाही. इतकी माया फार थोडे खेळ दाखवतात. माझी तक्रार त्याच्यावर लावलेल्या पाटीबद्दल आहे. 'निवांत' अशी पाटी असलेल्या खेळात दमून आलेल्या माणसाची धाप लागते, तेव्हा त्याला वाटतं, आपल्यालाच साधं निवांत होता येत नाही. तसं नसतं. कणीक आक्रसते तेव्हा दोष कणकेचा नसतो, तिला वेळ मिळालेला नसतो.

तोवर एक उपाय सांगते, मॉड न लावता करता येण्यासारखा. पुढच्या वेळी स्टारड्यू उघडाल तेव्हा पंधराच चौकटी पेरा. सकाळी नऊपर्यंत पाणी घालून होईल. मग नदीवर जा आणि दिवसाचं काय करायचं ते तिथे बसून ठरवा. गुणोत्तर कमी करायला छेदच वाढवावा लागतो असं नाही. अंश कमी करण्याचा अधिकार पहिल्या दिवसापासून तुमच्या हातात आहे, फक्त खेळ तो तुम्हाला सांगत नाही.