मोरी कुणाच्या मालकीची? १९९१ सालची एक पुस्तिका पुन्हा वाचताना

हवामान बदलाच्या राजकारणावर पीएचडी करतेय असं सांगितलं, की समोरून हमखास एक वाक्य येतं : "धूर सोडला अमेरिका-युरोपने, आणि भोगायचं आपण!" वाक्य बरंचसं खरं आहे. पण ते आकडेमोड करून कुणी मांडलं आणि त्या आकडेमोडीतून काय निसटलं, हे सहसा कुणी विचारत नाही. आज त्याबद्दल बोलू.

अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांची 'ग्लोबल वॉर्मिंग इन अ‍ॅन अनइक्वल वर्ल्ड' ही छोटीशी पुस्तिका १९९१ मध्ये दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट'ने काढली. माझ्या विषयात तिला टाळून पुढे जाता येत नाही. ती एका अहवालाला दिलेलं उत्तर होती. अमेरिकेतल्या 'वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट'ने आपल्या १९९०-९१ च्या अहवालात तापमानवाढीला जबाबदार देशांची क्रमवारी लावली होती. पहिल्या पाचांत अमेरिका आणि सोव्हिएत संघाच्या जोडीला ब्राझील, चीन आणि भारत बसले होते. म्हणजे दोष सगळ्यांचाच, सबब आवरही सगळ्यांनीच घालायचा.

अगरवाल-नारायण यांनी या क्रमवारीमागचं सूत्र उघडून पाहिलं. ते समजायला एक चाळ डोळ्यांसमोर आणा.

चाळीत दहा बिऱ्हाडं आहेत. सगळ्यांची मिळून एकच मोरी, आणि तिच्यातून दिवसाला १०० बादल्या सांडपाणी वाहून जाऊ शकतं. एक बिऱ्हाड रोज ८४ बादल्या ओततं. उरलेली नऊ प्रत्येकी ४, म्हणजे मिळून ३६. एकूण झाल्या १२०. मोरी तुंबते आणि २० बादल्या पाणी व्हरांड्यात येतं. या २० बादल्यांचा दोष कुणाचा?

पहिली पद्धत : ज्याने जेवढं ओतलं त्या प्रमाणात दोष वाटा. मोठ्या बिऱ्हाडाच्या वाट्याला १४ बादल्या येतात, बाकी नऊ जणांच्या वाट्याला मिळून ६. ऐकायला किती रास्त वाटतं! पण यात एक गोष्ट गुपचूप होते. जी १०० बादल्यांची मोरी आहे, तीही याच प्रमाणात वाटली जाते. जो जास्त घाण करतो, त्याला मोरीचा वाटाही जास्त.

दुसरी पद्धत : मोरी दहाही जणांची आहे, प्रत्येकाचा हक्क १० बादल्यांचा. मग ४ बादल्या ओतणाऱ्यांनी आपला निम्मा हक्कसुद्धा वापरलेला नाही. सगळ्या २० बादल्या मोठ्या बिऱ्हाडाच्या. शिवाय शेजाऱ्यांच्या न वापरलेल्या ५४ बादल्यांची जागाही त्याने फुकट वापरली, त्याचं भाडं वेगळं.

पृथ्वीची मोरी म्हणजे समुद्र, जंगलं, माती. आपण सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण निम्मा वायू ती शोषून घेतात. अमेरिकी अहवालाने पहिली पद्धत वापरली होती, अगरवाल-नारायण यांनी दुसरी. लोकसंख्येच्या प्रमाणात मोरीचा वाटा दिल्यावर 'पहिल्या पाच गुन्हेगारां'मधल्या भारताचा गुन्हा जवळजवळ पुसला गेला. जे देश आपला वाटा वापरत नाहीत, त्यांना जास्त वापरणाऱ्यांनी पैसे द्यावेत, आणि त्याही पलीकडे जाणाऱ्यांनी दंड भरावा, असा प्रस्तावही त्यांनी मांडला.

पुस्तिकेचं खरं बळ मला इथे दिसतं. तिने नवीन मोजमाप केलं नाही. समोरच्याचाच डेटा घेतला आणि त्यातलं न सांगितलेलं गृहीतक उजेडात आणलं. संशोधनाच्या पहिल्या वर्षी आम्हाला हेच शिकवतात : तक्ता पाहण्याआधी भागाकार कशाने केलाय ते पाहा.

दुसरं बळ एका शब्दजोडीत आहे. जगण्यासाठीचं उत्सर्जन आणि चैनीचं उत्सर्जन. पोटापुरता भात पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या खाचरातून निघणारा मिथेन आणि श्रीमंत देशातल्या भल्यामोठ्या मोटारीचा धूर एकाच रकान्यात कसे मांडता, हा त्यांचा प्रश्न. गंमत म्हणजे तो मिथेनचा आकडाही कच्चाच निघाला. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने भारतीय भातशेतीच्या नावावर वर्षाला ३ कोटी ७८ लाख टन मिथेन लावला होता. डॉ. ए. पी. मित्रा यांच्या पुढाकाराने आपल्या शास्त्रज्ञांनी खाचरांत जाऊन मोजमाप केलं, तेव्हा तो ४० लाख टनांच्या आसपास आला.

इथवर मी पुस्तिकेच्या बाजूने आहे. आता माझी तक्रार.

लेखकांनी वाटा माणशी मोजला, पण दिला देशाला. भारताच्या वाट्यात डोकी मोजली ती मेळघाटातल्या आणि धारावीतल्या माणसांचीही. हक्क मात्र जमा झाला 'भारत' नावाच्या खात्यावर. चाळीच्या भाषेत सांगायचं तर बिऱ्हाडाला १० बादल्या मिळाल्या. पण त्या घरात शॉवरखाली अर्धा तास कोण उभं राहतं आणि उरलेल्या पाण्यात भांडी कोण घासतं, हा प्रश्न दारातच थांबला.

मला हे जास्त खटकतं, कारण याच दोघांनी १९८९ मध्ये 'टुवर्ड्‌स ग्रीन व्हिलेजेस' लिहिलं होतं. गावाच्या गायरानावर आणि पाण्यावर हक्क गावाचा, सरकारी खात्याचा नाही, असा त्यांचा आग्रह होता. जमिनीच्या बाबतीत ज्यांनी सरकारवर विश्वास ठेवला नाही, त्यांनी हवेच्या बाबतीत सगळी किल्ली सरकारच्या हातात दिली.

सरकारने ती आनंदाने घेतली. १९९२ च्या हवामान करारात 'सामायिक पण वेगवेगळी जबाबदारी' हे तत्त्व आलं. भारताची भूमिका तेव्हापासून याच पायावर उभी आहे. २००७ मध्ये मनमोहन सिंग यांनी जर्मनीत जाहीर केलं, की भारताचं दरडोई उत्सर्जन विकसित देशांच्या पुढे कधीच जाणार नाही. भूमिका चुकीची नव्हती. आजही आपलं दरडोई कार्बन उत्सर्जन वर्षाला साधारण २ टन आहे, अमेरिकेचं १४ च्या आसपास. २०२४ मध्ये बाकूच्या परिषदेत श्रीमंत देशांनी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचं उद्दिष्ट पुढे केलं, तेव्हा भारताने तिथल्या तिथे ते नाकारलं. तेही बरोबरच.

पण २ टन ही सरासरी आहे, आणि सरासरीच्या पदरामागे बरंच काही लपतं. २००७ मध्येच ग्रीनपीस इंडियाने 'हायडिंग बिहाइंड द पूअर' नावाचा अहवाल काढला. त्यांच्या पाहणीत सर्वांत श्रीमंत गटाचं उत्सर्जन सर्वांत गरीब गटाच्या साधारण साडेचार पट निघालं. नाव झोंबणारं होतं, पण मुद्दा अगरवाल-नारायण यांचाच होता, फक्त तो देशाच्या सीमेच्या आत आणला होता.

आत आणला की काय दिसतं? २०१० मध्ये कोळशावर टनाला ५० रुपये उपकर लागला, २०१६ पर्यंत तो ४०० झाला. हेतू स्वच्छ ऊर्जेसाठी निधी उभारण्याचा. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर हे पैसे राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळले. टनामागचा कर मात्र २०२५ पर्यंत सरसकटच राहिला. झोपडीतला पंखा आणि बंगल्यातले चार एसी यांच्या विजेसाठी जळणाऱ्या कोळशावर तोच दर होता. किंवा २०२४ ची छतावरच्या सौरऊर्जेची योजना घ्या. ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान. चांगलंच आहे. पण त्यासाठी आधी छत लागतं. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याने पॅनेल कुठे लावायचं?

आणि चंद्रपूर? तिथलं २,९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र राज्यभर वीज देतं. राख आणि धूर तिथेच राहतो. हे उत्सर्जन चंद्रपूरकरांच्या खात्यावर लिहायचं, की पुण्यात एसी लावून हा लेख टाइप करणाऱ्या माझ्या?

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो मी गंभीरपणे घेते : आपणच आपल्या घरातली विषमता चव्हाट्यावर आणली, तर परिषदेत समोरचे त्याचाच फायदा घेतील. शक्य आहे. पण उलटंही पाहा. 'आमचा वाटा आम्हाला गरिबांसाठी हवा' असं म्हणणाऱ्याला तो वाटा गरिबांपर्यंत पोचलेला दाखवता आला, तर त्याची बाजू लंगडी होईल की भक्कम? आज आपण दाखवतो ती डोकी. पोचलेला वाटा दाखवायला आपल्याकडे फारसं काही नाही.

बरं, हे तत्त्व आपल्याला परकं आहे असंही नाही. महावितरणचं घरगुती बिल उलटून बघा. पहिल्या १०० युनिटांना एक दर, मग १०१ ते ३००, ३०१ ते ५००, आणि ५०० च्या पुढे सगळ्यांत महाग. जगण्यासाठीची वीज आणि चैनीची वीज हा फरक त्या कागदावर छापलेला आहे. तो हवामानासाठी केलेला नाही, पण हिशेब तोच आहे. विमानाचं तिकीट, तिसरी गाडी, आलिशान टॉवर यांच्या बाबतीत अशा पायऱ्या का नसाव्यात, हे विचारायला कुठल्याही जागतिक कराराची वाट पाहावी लागत नाही.

पुस्तिका जरूर वाचा. अवघ्या एका बैठकीची आहे. फक्त शेवटच्या पानावर थांबू नका. तिने जगाला विचारलेला प्रश्न, मोरीत माझा हक्क किती आणि मी ओततो किती, एकदा स्वतःच्या बिलासमोर बसून विचारा. मी विचारला. माझं उन्हाळ्याचं बिल तिसऱ्या पायरीवर होतं.