'परत आले' की विकत घेतले?

वसाहतवादी सत्ता नेलेला वारसा परत का करतात, या प्रश्नाला 'पश्चात्ताप' हे सोपे उत्तर अलीकडे दिले जाते. बौद्ध अवशेषांचा इतिहास पाहता आम्हांस ते पटत नाही.

१८५१ साली कनिंगहॅम व मेसी यांनी सांची येथील स्तूपातून सारिपुत्त व मोग्गल्लान या अग्रश्रावकांचे अस्थिधातू काढले. पुढे ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गेले. महाबोधी सभेने चिकाटीने मागणी केली, साम्राज्य ढळू लागले, तेव्हा कोठे १९४७ मध्ये ते तेथून बाहेर पडले. सिलोनमार्गे १९४९ मध्ये भारतात पोहोचले व १९५२ मध्ये सांचीस पुन्हा प्रतिष्ठित झाले. मागणारे संघटित होते आणि ठेवून घेण्यापेक्षा देण्यातच राज्यकर्त्यांचे हित होते, असाच याचा अर्थ आम्ही लावतो.

पिप्रहवाची हकीकत अधिक बोलकी आहे. १८९८ साली तेथील जमीनदारीचे व्यवस्थापक विल्यम पेपे यांनी स्तूप खणला. अस्थी, कलश आणि सुमारे १८०० रत्ने व मणी हाती आले. सरकारने अस्थी सयामच्या राजास भेट देऊन एका बौद्ध राजाची मैत्री साधली. बहुतेक रत्ने कलकत्त्याच्या संग्रहालयात ठेवली. आणि सुमारे पंचमांश भाग 'दुबार नमुने' म्हणून पेपे यांच्याकडे राहू दिला. हा 'दुबार' शब्द आम्हांस सर्वाधिक खटकतो. कलशावरील ब्राह्मी लेख हे भगवान बुद्धांच्या शरीरधातूंचे निधान असल्याचे सांगतो. त्यासोबत श्रद्धेने अर्पिलेला प्रत्येक मणी म्हणजे दान. दानाला दुबार प्रत कशी असेल? हा शब्द ज्याने योजिला त्याने पूजावस्तूची मालमत्ता केली; पुढचे सारे त्यातून ओघानेच आले.

मे २०२५ मध्ये पेपे यांच्या वंशजांनी ती रत्ने हाँगकाँग येथे सॉदबीजमार्फत लिलावास काढली. भारत सरकारची कायदेशीर नोटीस व अनेक देशांतील बौद्धांचा निषेध यांमुळे लिलाव स्थगित झाला. जुलैअखेर रत्ने भारतात आली. उपासकांना आनंद झाला, आम्हांसही झाला. परंतु ब्रिटनने काहीच परत केले नव्हते. एका भारतीय उद्योगपतीने ती खरेदी केली होती. सरकारी पत्रके यास 'पुनरागमन' म्हणतात. या शब्दाआड खरेदीखत झाकले जाते आणि विक्रेत्याची मालकी मुकाट्याने मान्य होते. त्यातील मोठा भाग राष्ट्रीय संग्रहालयास दिला आहे, तोही पाच वर्षांच्या मुदतीने, उसनवार.